लातिनोविचच्या गावांतून: बुडापेस्ट, बलतोन, वेस्प्रेम

झोल्तान लातिनोविच या हंगेरियन नटाला आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते 'सिंदबाद' या चित्रपटात. हुसारिक झोल्तान दिग्दर्शित, 1971 चा. फिल्म सोसायटीच्या छोट्या सभागृहात मी आणि ताई शेजारी बसलो होतो. पडद्यावर थकलेला एक देखणा पुरुष खानावळीत एकटा जेवत होता आणि त्याचे फक्त डोळे आणि बोटं काम करत होती. पाच-सहा मिनिटं तो नुसता जेवला. घरी परतताना ताई रिक्षात म्हणाली, "या माणसाचं गाव बघायला हवं." ताईने उभी हयात हौशी रंगभूमीवर काढली आहे, त्यामुळे ती असं म्हणाली की ते होतंच.

यंदा जूनमध्ये ते झालं. लातिनोविचचा जन्म 9 सप्टेंबर 1931 चा, बुडापेस्टचा. मृत्यू 4 जून 1976 ला, बलतोन सरोवराकाठच्या सेमेश गावात. चव्वेचाळीस वर्षांचं आयुष्य. तिकडे त्याला 'नटांचा राजा' म्हणतात. त्याचं शिक्षण, त्याची थिएटरं आणि त्याची कबर यांच्या मागे जायचं, एवढाच आमचा बेत होता.

सोमवार, बुडापेस्ट

सोमवारी इथली बहुतेक संग्रहालयं बंद असतात, म्हणून हा दिवस रस्त्यांसाठी ठेवला. सकाळी गेलर्ट चौकातून दान्यूबच्या कडेने तांत्रिक विद्यापीठापर्यंत चालत गेलो. लातिनोविच नाट्यशाळेत कधी शिकलाच नाही. शाळा संपल्यावर त्याने सुतारकाम केलं, पुलाच्या बांधकामावर काम केलं आणि मग इथून वास्तुविशारदाची पदवी घेतली. पदवीचं वर्ष 1956, म्हणजे हंगेरीतल्या उठावाचं वर्ष. त्याच वर्षी तो देब्रेत्सेनच्या चोकोनई थिएटरमध्ये नट म्हणून रुजू झाला. विद्यापीठाच्या नदीकडच्या इमारतीसमोर ताई बराच वेळ उभी होती. "आखणी शिकलेला माणूस," ती म्हणाली, "म्हणून त्याच्या हालचालीत एक रेघ जास्त नाही." मला हे तिथेच पटलं आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी आठवत राहिलं.

दुपारी 4-6 नंबरच्या ट्रामने वीगसीनहाझला गेलो. हे थिएटर 1896 चं. युरोपभर नाट्यगृहं बांधणाऱ्या फेलनर आणि हेल्मर या जोडीने ते उभारलं. दुसऱ्या महायुद्धात ते उद्ध्वस्त झालं आणि 1951 मध्ये पुन्हा उघडलं. लातिनोविच 1962 मध्ये इथे आला. दुसऱ्याच वर्षी तो रोमिओ झाला आणि ज्युलिएट होती रुत्तकई एवा. तिने पस्तिशी गाठली होती, तो एकतीस-बत्तीसचा. वयाचा हिशेब कुणी मांडला नाही, कारण ही दोघं प्रत्यक्षातही एकमेकांची झाली होती आणि शेवटपर्यंत राहिली.

संध्याकाळच्या प्रयोगाची तिकिटं आम्ही आधीच काढली होती. कोट ठेवायच्या खिडकीवर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. जूनमध्ये कोट कुणाकडे नसतो, त्यामुळे त्यांना निवांत वेळ होता. ताईने फोनवर लातिनोविचचा फोटो काढून दाखवला. बाईंनी चष्मा लावला, फोटो पाहिला आणि हात छातीवर ठेवला. मग आमचा हात धरून आतल्या जिन्यापर्यंत आल्या आणि खुणेने वरचं झुंबर दाखवलं. इंग्रजीचे दोनच शब्द त्यांना येत होते: 'ही' आणि 'हिअर'. ते त्यांनी तीन-चारदा म्हटले.

नाटकातला एक शब्दही आम्हाला कळला नाही. तरी अडीच तास कंटाळा आला नाही. आणि शेवटी एक गोष्ट घडली जिची कल्पना नव्हती. टाळ्या सुरू झाल्या त्या आपल्यासारख्याच, विखुरलेल्या. मग हळूहळू सगळं प्रेक्षागृह एका ठेक्यात आलं. हजारभर माणसं एकाच लयीत टाळी वाजवत होती, लय वाढत होती, पुन्हा सुटी होत होती, पुन्हा जुळत होती. नट परत परत येऊन वाकत होते. आवडलेल्या प्रयोगाला दाद द्यायची ही इथली जुनी रीत आहे. ताईचे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षं तिने रंगमंचावरून टाळ्या ऐकल्यात, पण अशा नाही.

*जाणाऱ्यांसाठी:* थिएटरचा हंगाम जूनच्या मध्याला आटोपतो आणि सप्टेंबरपर्यंत बहुतेक ठिकाणी पडदा पडलेला असतो. नाटकासाठी जायचं तर मे किंवा जूनचा पहिला आठवडा गाठा. आणि हंगेरीत आडनाव आधी, नाव नंतर. पुस्तकाच्या दुकानात 'झोल्तान' शोधत बसू नका, 'लातिनोविच झोल्तान' असंच मांडलेलं असतं.

मंगळवार, ओबुदा आणि परत पेस्ट

'सिंदबाद' हा चित्रपट क्रूदी ग्युला या लेखकाच्या कथांवर आहे आणि क्रूदीची शेवटची वर्षं ओबुदात, म्हणजे बुडापेस्टच्याच जुन्या भागात, गेली. ते घर आता व्यापार आणि खानपान-व्यवसायाच्या संग्रहालयाचा भाग आहे. 1933 मध्ये तो तिथेच वारला. आत जुन्या खानावळींची टेबलं, पाट्या, मेन्यूकार्डं, कॉफीची यंत्रं आहेत. खाण्यावर इतकं लिहिणारा लेखक खाण्याच्या संग्रहालयात राहतो हे मला फार आवडलं.

इथे लातिनोविचच्या घरची गोष्ट सांगायला हवी. त्याची आई गुंडेल घराण्यातली. गुंडेल म्हणजे बुडापेस्टच्या सिटी पार्कमधलं, प्राणिसंग्रहालयाशेजारचं नामांकित रेस्टॉरंट. आईचे वडील गुंडेल कारोय यांनी ते 1910 मध्ये चालवायला घेतलं आणि हंगेरियन स्वयंपाकाला युरोपात मान मिळवून दिला. 1949 मध्ये सरकारने ते ताब्यात घेतलं. म्हणजे ज्या नटाने हंगेरियन सिनेमातलं सर्वांत गाजलेलं जेवण जेवून दाखवलं, तो त्या देशातल्या सर्वांत गाजलेल्या खानावळवाल्याचा नातू. चमचा कसा धरायचा, वेटरशी किती बोलायचं, पहिल्या घासाआधी किती थांबायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार.

त्या जेवणात हाडातली मज्जा आहे. क्रूदी ज्या केहली नावाच्या खानावळीत जायचा ती ओबुदातच, संग्रहालयापासून चालत जाण्याजोगी. आम्ही दुपारी तिथे बसलो आणि तेच मागवलं. आधी रश्श्याचं भांडं येतं आणि त्यात हे भलं मोठं नळीचं हाड. भाजलेल्या पावावर लसूण चोळायचा, हाड उभं करून हलकेच ठोकायचं, मज्जा पावावर घ्यायची, मीठ आणि लाल तिखट भुरभुरायचं. आपल्याकडे मटणातली नळी ताटावर आपटून चोखणाऱ्याला जे सुख मिळतं तेच हे, फक्त इथे त्याला पांढरा टेबलक्लॉथ आहे. वेटर साठीचा असेल. ताईने पाव आधी आणि मज्जा नंतर असा क्रम चुकवू नये म्हणून तो शेजारी उभा राहिला, आणि तिने पहिला घास घेतल्यावरच गेला.

शाकाहारी मंडळींना या शहरात जरा शोधावं लागतं, पण उपाशी राहावं लागत नाही. उन्हाळ्यात थंडगार आंबटगोड चेरीचं सूप मिळतं, मश्रूमची पेपरिका घातलेली भाजी मिळते. आणि अक्रोड-मनुकांचं सारण भरून वरून चॉकलेट ओतलेलं पॅनकेक, ज्याला गुंडेलचंच नाव आहे, ते शहरात ठिकठिकाणी असतं. सारणात रम असते, हे मात्र लक्षात ठेवा.

संध्याकाळी नाज्मेझो रस्त्यावर गेलो. एकाला लागून एक नाट्यगृहं, बाहेर टेबलं, गर्दी. इथल्या थालिया थिएटरमध्ये 1967 साली अर्केन्य इश्त्वानचं 'तोत कुटुंब' हे नाटक पहिल्यांदा झालं. महायुद्धाचा काळ. एका खेड्यातल्या कुटुंबाचा मुलगा रशियाच्या आघाडीवर आहे. त्याचा वरिष्ठ, एक मेजर, नसा थकल्या म्हणून त्यांच्याकडे विश्रांतीला येतो. मेजरचं मन राखलं तर मुलाचं भलं होईल म्हणून सगळं घर त्याच्या लहरीवर नाचतं. त्याला झोप येत नाही, म्हणून रात्र रात्र बसून पुठ्ठ्याचे खोके दुमडतं. आणि मुलगा केव्हाच मेलेला आहे, हे प्रेक्षकांना माहीत असतं, घरच्यांना नाही. हा मेजर लातिनोविचचा. दोन वर्षांनी फाब्री झोल्तानने त्यावर चित्रपट केला, त्यातही तोच. मी चित्रपट पाहिला आहे. त्याचा मेजर ओरडत नाही. तो अतिशय सभ्य आहे, सतत आभार मानतो, आणि त्याच्या प्रत्येक 'आभारी आहे'ने घरच्यांच्या पाठी आणखी वाकतात. सत्तेचं इतकं अचूक चित्र मी फार कमी नटांकडून पाहिलंय.

बुधवार, सार्सो

सकाळी डेली स्टेशनवरून बलतोनच्या दक्षिण काठाची गाडी. खिडकी उजवीकडची घ्या. दीडएक तासाने सरोवर दिसायला लागतं आणि मग बराच वेळ ते गाडीच्या सोबतच चालतं. 77 किलोमीटर लांब, पण सरासरी खोली जेमतेम तीन मीटर. पाण्याचा रंग निळा नाही, दुधात हिरवा मिसळल्यासारखा.

आम्ही आधी बलतोनसार्सोला उतरलो, कारण लातिनोविचची अर्धी कीर्ती कवितेची आहे. तो अदी आणि योझेफ अत्तिला यांच्या कविता म्हणायचा, त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि आजही ऐकल्या जातात. योझेफ अत्तिला म्हणजे धुणी धुणाऱ्या आईचा मुलगा, विसाव्या शतकातला हंगेरीचा सर्वांत लाडका कवी. 11 एप्रिल हा त्याचा जन्मदिवस तिकडे कवितादिन म्हणून पाळतात. आजारपणातून उठून तो बहिणींकडे सार्सोच्या एका घरगुती निवासगृहात राहायला आला आणि 3 डिसेंबर 1937 ला इथल्याच रुळांवर गेला. वय बत्तीस. ते घर आता त्याचं स्मारक आहे.

घरातल्या मार्गदर्शक मुलीला इंग्रजी छान येत होतं. आम्ही भारतातून लातिनोविचसाठी आलोय म्हटल्यावर ती पाचेक सेकंद काहीच बोलली नाही. मग तिने हेडफोन आणून दिले. त्यात लातिनोविच होता. तोवर मी त्याचा आवाज चित्रपटांतच ऐकला होता. इथे चेहरा नव्हता, सबटायटल नव्हती. खर्ज आहे, पण तो खर्ज मिरवत नाही. ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडत नाही, तिथेच धरून ठेवतो, आणि पुढची ओळ त्या धरलेल्या श्वासातूनच येते. ताईने डोळे मिटून ऐकलं आणि हेडफोन काढताना म्हणाली, "अर्थ विचारू नकोस आत्ता."

तिथून पुढे सेमेश. काही मिनिटांचाच प्रवास.

गुरुवार, सेमेश

आमची खोली एका घराच्या वरच्या मजल्यावर होती. मालकीण सत्तरीच्या, जर्मन बऱ्यापैकी बोलणाऱ्या. ताईला थोडी जर्मन येते. पहाटेच बागेतल्या चेरी तोडून त्यांनी वाडगाभर टेबलावर आणून ठेवल्या होत्या. लातिनोविचचं नाव निघालं तेव्हा त्यांनी आधी आम्हाला खायला लावलं.

त्याच्या आईच्या घरच्यांचं उन्हाळ्यातलं बिऱ्हाड या गावात होतं. 1976 च्या उन्हाळ्यात तो इथेच होता आणि 4 जूनला रेल्वेखाली त्याचा मृत्यू झाला. ज्या कवीच्या ओळी त्याने देशाला ऐकवल्या त्याच्यासारखाच, त्याच रेल्वेमार्गावर, जवळच्याच गावात. ती आत्महत्या होती की अपघात, यावर हंगेरीत आजही एकमत नाही. मालकीणबाईंना मी ते विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं ते दुसरंच: शाळेत पाठ केलेली योझेफ अत्तिलाची 'आई' ही कविता त्यांनी उभ्या उभ्या म्हटली. ओल्या कपड्यांची टोपली घेऊन माळ्यावर जाणारी आई आणि मागे हट्ट करणारं पोर, इतकं ताईने जर्मनमधून समजून घेतलं. मग बाई म्हणाल्या, शाळेत आम्ही ती गाणं म्हटल्यासारखी म्हणायचो. लातिनोविचची मुद्रिका ऐकल्यावर कळलं की कविता बोलायची असते.

दफनभूमीत कबर शोधायला वेळ लागला नाही. पुण्यतिथी नुकतीच होऊन गेली होती, फुलं आणि काचेच्या लाल दिव्यांची गर्दी होती. विशीतलं एक जोडपं आधीच तिथे होतं. मुलगा नाट्यशाळेत शिकत होता, बुडापेस्टहून सायकलने आला होता. प्रवेशपरीक्षेला त्याने लातिनोविचच्या 'कोदसुर्कालो' या पुस्तकातला उतारा वाचला होता म्हणे. 1973 साली आलेलं हे पुस्तक लातिनोविचने रंगभूमीविषयी लिहिलेलं. नटाने कसं जगावं, नाटक कसं उभारावं, थिएटर पगारी कचेरी झाली की काय मरतं, हे त्यात आहे. त्याला स्वतःचं थिएटर हवं होतं. ते त्याला मिळालं नाही. मी त्या मुलाला विचारलं, आज तो असता तर त्याच्याबरोबर काम करणं सोपं गेलं असतं का? तो हसला. "नाही. पण मी वेळेवर पोचलो असतो."

दुपारी काठावर लांगोश खाल्ला: तळलेली जाड पुरी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. एकीत दोघांचं पोट भरतं. लांगोश संपायच्या आत काठावरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. वाऱ्याचा इशारा देणारे असे दिवे सरोवराभोवती सगळीकडे आहेत. मिनिटाला 45 वेळा लुकलुकला तर जोराचा वारा, 90 वेळा तर वादळ, मग पाण्यात कुणीही राहायचं नाही. आमच्या डोळ्यांदेखत दिव्याची गती वाढली. आकाश स्वच्छ होतं, पण शिडाची होडकी एकामागून एक वळली आणि दहा मिनिटांत पलीकडचा काठ दिसेनासा झाला. उथळ पाणी किती भराभर उसळतं ते पाहिलं. घरी पोचेपर्यंत आम्ही निथळत होतो. मालकीणबाईंनी दार उघडलं आणि आधी टॉवेल पुढे केले.

*जाणाऱ्यांसाठी:* सेमेशमध्ये जुन्या टपालगाड्यांचं एक छोटं संग्रहालयही आहे, मुलं बरोबर असतील तर नक्की जा. पोहायला दक्षिण काठ चांगला, शंभर पावलं गेलं तरी पाणी कमरेला. दिवा लुकलुकायला लागला की मात्र बाहेर या.

शुक्रवार, पलीकडचा काठ

सांतोदहून तिहान्यला जाणारी फेरी सरोवर सर्वांत अरुंद आहे तिथून सुटते. दहाएक मिनिटांत पलीकडे. वादळ धुऊन गेलं होतं. तिहान्यला लॅव्हेंडर फुलायला लागली होती. तिथून बसने बलतोनफ्युरेड.

फ्युरेडला लातिनोविचचा संबंध नाही, पण भारतीय माणूस इथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. 1926 च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ टागोर इथल्या हृदयरोगाच्या रुग्णालयात उपचाराला होते आणि बरं वाटल्यावर त्यांनी काठावर लिंडेनचं एक झाड लावलं. त्या फिरण्याच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. जूनमध्ये लिंडेनला बहर असतो, सगळा रस्ता मधासारखा दरवळत होता. पुतळ्याजवळ फुगे विकणाऱ्या आजोबांनी आम्हाला पाहताच "तागोरे!" म्हणून हाक मारली. आम्ही थांबलो, हात जोडले, त्यांनीही जोडले.

शनिवार, वेस्प्रेम

फ्युरेडहून वेस्प्रेमला बस आहे, अर्ध्या तासाची वाट. डोंगरावरचं, घाटांचं, वाऱ्याचं गाव. 2023 मध्ये ते युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, त्यामुळे रस्ते आणि इमारती नुकत्या लख्ख झालेल्या. आम्ही थेट पेटोफी थिएटरकडे गेलो. 1908 चं, मेद्यासाई इश्त्वानने बांधलेलं. प्रबलित काँक्रीट नवीन होतं तेव्हा त्यात नाट्यगृह बांधायचं धाडस त्याने केलं. बुडापेस्टच्या थिएटरांशी न जमल्यावर सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला लातिनोविच इथे आला. इथे तो फक्त नट राहिला नाही, त्याने दिग्दर्शन केलं. राजधानीने न दिलेली मोकळीक या लहान गावाने काही काळ दिली.

आज याच थिएटरच्या छोट्या रंगमंचाला लातिनोविच आणि त्याचा सावत्र भाऊ बुयतोर इश्त्वान यांचं नाव आहे. बुयतोर हा स्वतः मोठा लोकप्रिय नट, बलतोनवरच्या गुप्तहेरपटांचा नायक, पट्टीचा नावाडी. आयुष्याच्या अखेरीस तो या थिएटरचा संचालक होता.

त्या दुपारी प्रयोग नव्हता. दारावरच्या गृहस्थांनी आत सोडणं नियमात बसत नव्हतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग ताईने विचारलं, तुम्ही त्याला पाहिलंय का? ते म्हणाले, मी तेव्हा सोळा वर्षांचा, वडील इथेच सुतार होते. तालमी पाहायला चोरून यायचो. मग किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाले, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं.

आत अंधार होता. त्यांनी कामाचा एकच दिवा लावला. ताई तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. गृहस्थ तिच्यामागे उभे राहून थोड्या इंग्रजीत सांगत होते: तालमीत सेटचं एखादं दार जरा जरी अडकलं तरी लातिनोविच थांबायचा, वडिलांना बोलवायचा, स्वतः रंधा घ्यायचा. ताई लगेच माझ्याकडे वळली. "बघ," ती म्हणाली, "सुतारकाम." दोन मिनिटांची वीस झाली. त्यांनी आम्हाला वरची रंगीत काचही दाखवली, आणि निघताना ताईला विचारलं, तुमच्याकडे नटांना वेळेवर पैसे मिळतात का? त्यावर दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते बस सुटायची वेळ झाली तरी संपत नव्हतं.

*जाणाऱ्यांसाठी:* निघण्याआधी 'सिंदबाद' जरूर पाहा, त्याची नव्याने स्वच्छ केलेली प्रत आता उपलब्ध आहे. त्यानंतर यांचो मिक्लोशचा 'सेगेन्यलेगेन्येक' आणि कोवाच आंद्राशचा 'हिदेग नापोक', दोन्ही 1966 चे. पहिल्यात कैद्यांच्या छावणीतला लातिनोविच आहे, दुसऱ्यात दुसऱ्या महायुद्धातल्या नोवी सादच्या (आजच्या सर्बियातल्या) कत्तलीत सामील झालेला अधिकारी. आणि सार्सोला गेलात तर हेडफोन मागून घ्या, विचारल्याशिवाय ते देत नाहीत.